पाकाचं पिंप

बूच खालच्या बाजूला येईल असं पिंप फिरवून ठेवलं, की मेपलचा पाक तारेनं गळू लागतो. आधी करंगळीएवढी जाड तार, मग सुतळीएवढी, मग दोऱ्याएवढी, आणि त्यानंतर बराच वेळ ती तुटतही नाही न् वाढतही नाही. खोलीत १० अंश असतील तर ही शेवटची तार रात्रभर चालते, ३० अंश असतील तर लवकर आटोपते. पिंप रिकामं करणाऱ्याला वाटतं, झालं. पण फळ्यांच्या सांध्यांत, बुडाच्या खाचेत आणि जळक्या लाकडाच्या भेगांत अजून लिटर-दोन लिटर पाक अडकलेला असू शकतो. पुढचे सहा महिने त्या पिंपात जी बिअर मुरणार, तिचं बरंवाईट या दोन लिटरांवर ठरतं.

पिंप इथवर पोचतं तेव्हा त्याचे दोन धनी होऊन गेलेले असतात. बर्बन व्हिस्कीला अमेरिकेच्या कायद्यानं दर खेपेला नवं कोरं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही, म्हणून केंटकीतून रिकाम्या पिंपांचा ओघ कायम वाहत असतो. काही स्कॉटलंडला जातात, काही टकिलावाल्यांकडे, काही टबॅस्कोच्या मिरच्या मुरवायला, आणि थोडीशी व्हरमाँट, मिशिगन, क्वेबेककडच्या मेपलवाल्यांकडे. माप ५३ गॅलन, म्हणजे २०० लिटर. रिकाम्या पिंपाचं वजन ५० किलोच्या आसपास. बिअरनं भरलं तर अडीचशेच्या पुढे, आणि मेपलनं भरलं तर ३१५, कारण पाकाची घनता १.३२. बिअरच्या हिशेबानं केलेल्या स्टँडवर पाकाचं भरलेलं पिंप चढवू नये, एवढं हे गणित करताना लक्षात ठेवलेलं बरं.

मेपलचा पाक म्हणजे शुगर मेपलच्या खोडातून फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत झरणारा रस, आटवलेला. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर असेल तरच रस झरतो. त्यात साखर जेमतेम २ टक्के. मेपलवाल्यांचा जुना ठोकताळा असा: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागायचं, येईल तितके लिटर रस आटवले की एक लिटर पाक. २ टक्क्यांचा रस असेल तर ४३ लिटर. पाणी ज्या अंशाला उकळतं त्याच्या वर सुमारे ४ अंश गेलं की उतरवायचं, समुद्रसपाटीला १०४. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत हा एकतारीच्या बराच अलीकडचा, बोटाला चिकटणारा पाक. साखर ६६ ब्रिक्स, म्हणजे वजनानं ६६ टक्के. त्याहून पातळ राहिला तर बुरशी धरतो, ६८-६९च्या पलीकडे गेला तर तळाशी खडीसाखर बसते. म्हणजे खेळ अवघ्या दोन-तीन अंकांचा आहे. पुढे पिंपात जे बिघडतं ते याच अंकांमुळे.

बर्बन उपसल्यावरही फळ्यांनी पाच-दहा लिटर दारू पिऊन ठेवलेली असते. जुनी फळी आडवी कापली तर दारू किती खोल शिरली होती त्याची तपकिरी रेघ स्पष्ट दिसते. पिंपात भरताना बर्बन ६२.५ टक्क्यांपर्यंत तीव्र असू शकते, त्यामुळे नुकत्या रिकाम्या झालेल्या पिंपात जिवाणूंची डाळ सहसा शिजत नाही. त्या पिंपात पाक गेला की ओढाओढ सुरू होते. पाक साखरेनं इतका भरलेला असतो की तो लाकडातलं पाणीही ओढतो आणि दारूही. मेपलवाल्याला हेच हवं असतं: बर्बनचा वास, व्हॅनिला, ओकचा नारळासारखा गंध, सगळं पाकात उतरतं. तीन महिने ते वर्षभर ठेवून तो पाक काढतो, गरम करून दारू उडवतो, ब्रिक्स पुन्हा ६६ वर आणतो आणि बाटलीत भरतो. पाकाचं भलं झालं. पिंपाचं काय झालं? त्याच्या अंगातली दारू, म्हणजे त्याची राखण करणारी गोष्ट, बऱ्यापैकी निघून गेली. जागी आली साखर.

आता साखरही राखणच करते, पण दाट असेपर्यंत. मुरांब्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये असं का सांगतात? ६६ ब्रिक्सला जिवाणू आणि बहुतेक यीस्ट तग धरत नाहीत. थोडं पाणी मिळालं की सगळ्यांची दिवाळी. पिंप बंद करून ठेवलं, रात्री गारठा पडला, आतल्या हवेतली ओल वरच्या फळ्यांवर दव होऊन जमली आणि खाली ओघळली, एवढंही पुरतं. दोन-तीन आठवड्यांत बुचाच्या भोवती पांढरट बुरशी दिसते. म्हणून बर्बनचं पिंप महिना-दोन महिने बाहेर राहिलं तरी लोक फारशी चिंता करत नाहीत, पण पाकाचं पिंप आठवडाभरात, फार तर दहा-बारा दिवसांत भरावं.

इथली सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे अर्धवट धुणं. कुणीतरी होजपाइप घालतं, थंड पाणी फिरवतं, ओततं आणि ‘स्वच्छ केलं’ म्हणून पिंप दोन दिवस तसंच ठेवतं. भेगांतला पाक त्यामुळे निघत नाही, फक्त पातळ होतो. त्यापेक्षा न धुतलेलं बरं. पिंप ताजं असेल, नाक लावल्यावर मेपल, कॅरॅमल आणि पाठीमागे थोडी व्हिस्की एवढंच येत असेल, तर रात्रभर निथळवून सरळ भरावं. धुवायचंच असेल तर ८० अंशांच्या वरचं पाणी पाच-सहा लिटर, बूच लावून दोन्ही बुडांवर उभं करून लोळवायचं, लगेच ओतायचं आणि त्याच दिवशी बिअर भरायची. ते ओतलेलं पाणी फेकू नये. पुढच्या घाण्याला उकळताना घालता येतं. पण पिंपाला आंबूस, नेलपॉलिशसारखा किंवा ओल्या पोत्याचा वास असेल, तर गरम पाणी, वाफ, काही उपयोगाचं नाही. लाकूड सच्छिद्र आहे. आतवर शिरलेलं वरवर धुतल्यानं जात नाही. त्या पिंपात झाड लावावं. आणि वाइनवाल्यांकडे बघून गंधकाची वात आत पेटवण्याचा मोह कुणाला झाला तर आवरावा, कारण फळ्यांत दारूची वाफ उरलेली असते आणि ती भडकते.

समजा, दोन लिटर पाक आत राहिला. त्याचं वजन २.६४ किलो, त्यातली साखर सुमारे पावणेदोन किलो. २०० लिटर बिअरमध्ये ती विरघळली तर लिटरमागे पावणेनऊ ग्रॅम. ऐकायला किरकोळ. पण मेपलची साखर बहुतांश सुक्रोज, म्हणजे आपल्या डब्यातली साखरच, आणि यीस्ट ती शेवटच्या कणापर्यंत खातं. लिटरमागे पावणेनऊ ग्रॅम साखरेतून साडेचार ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, बिअरवाल्यांच्या मापात २.३ व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या २.३ पट वायू. बिअरला जेवढा फेस मुद्दाम देतात, जवळपास तेवढाच. म्हणजे ही साखर पिंपात संपली नाही आणि बिअर तशीच नेहमीचा गॅस देऊन बाटलीत भरली, तर बाटलीत दुप्पट दाब. नेहमीची बाटली तो सोसेलच असं नाही. पिंपातच संपली पण बूच ठोकून बसवलेलं असेल, तर एके सकाळी बूच छताला लागलेलं आणि जमिनीवर काळा फेस. पहिले काही आठवडे म्हणून वायू जाऊ देणारं सिलिकॉनचं बूच किंवा पाण्याचा एअरलॉक लावायचा. त्याच साखरेतून ०.६ टक्के अल्कोहोलही वाढतं, जे लेबल छापण्याआधी मोजलेलं असावं.

याच हिशेबातून अशा बिअरबद्दलचा मोठा गैरसमज उलगडतो. पिणाऱ्याला वाटतं, पाकाच्या पिंपातली बिअर म्हणजे गोड. गोडी तर यीस्टनं खाल्ली. पिंपातून येते ती रुची, आणि तीही थोडी. गोडी जी लागते ती मुळातल्या बिअरची. उलट साधी साखर आंबल्यानं बिअर आणखी हलकी, कोरडी होते. म्हणून आधीची बिअर जाड, भरलेल्या अंगाची हवी. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०९५ ते १.११०, आंबून थांबल्यावर १.०३०च्या आसपास, अल्कोहोल साधारण ९ ते ११ टक्के. मॅश (भरडलेलं धान्य गरम पाण्यात मुरवणं) ६८-६९ अंशांवर, म्हणजे यीस्टला न पचणाऱ्या साखरा जास्त सुटतात. सोबत एकूण धान्याच्या दहा टक्क्यांपर्यंत ओट्स, अंगाला साय येण्यासाठी. कडवटपणा ५०-६० आयबीयू (बिअरच्या कडवटपणाचं माप). भाजकं मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) मात्र हात राखून. करपट, राखेसारखी चव मेपलचा नाजूक वास झाकून टाकते आणि मग कितीही महाग पिंप आणलं तरी पैसे पाण्यात.

या प्रकारच्या बिअरमध्ये सगळ्यात नावाजलेली म्हणजे मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या फाउंडर्स ब्रुइंगची कॅनेडियन ब्रेकफास्ट स्टाउट. लोक नुसतं ‘सीबीएस’ म्हणतात. कॉफी आणि चॉकलेट घातलेली इंपीरियल स्टाउट (भाजक्या मॉल्टची काळी, कडक बिअर), मेपलचा पाक राहून गेलेल्या बर्बनच्या पिंपात मुरवलेली. २०११ मध्ये ती पहिल्यांदा बाटलीत आली, ७५० मिलिलिटरच्या, अल्कोहोल १०.६ टक्के, मग सहा वर्षं बाटली दिसलीच नाही आणि २०१७च्या डिसेंबरात परतली तेव्हा आकडा ११.७ वर गेलेला. गंमत म्हणजे नाव कॅनडाचं असलं तरी पाक मिशिगनचा होता, लेबलवरच तसं लिहिलेलं. मधल्या काळात, २०१२ साली, याच ब्रुअरीनं काकवीसारखी मळी घातलेली एक ओल्ड एलही मेपलच्या पिंपांत मुरवली होती. त्यांची पिंपं शहराखालच्या जुन्या जिप्समच्या खाणीत ठेवलेली असतात, जिथे उन्हाळा-हिवाळा फारसा पोचत नाही. ज्यांच्याकडे अशी खाण नाही (म्हणजे जवळजवळ सगळेच), त्यांना शीतखोलीचं वीजबिल भरावं लागतं.

भरण्याचा दिवस. आधी लांब नळीनं पिंपाच्या तळापर्यंत कार्बन डायऑक्साइड सोडायचा, पाचेक मिनिटं. तो हवेहून जड असल्यानं प्राणवायू वर ढकलला जातो. बिअरही तळाशी नळी टेकवून, खळखळाट न करता. बुचापर्यंत दोन-तीन सेंटिमीटर मोकळे.

गळती. बर्बनचं पिंप भरल्या भरल्या गळायला लागतं आणि फळ्या फुगल्या की एका दिवसात थांबतं. पाकाचं पिंप उलट वागतं, आणि नवख्यांना इथेच दगा बसतो. पाकाच्या संगतीत लाकूड ओलं दिसतं पण पुरतं फुगलेलं नसतं, कारण पाकानं त्यातलं पाणी ओढलेलं असतं. सांधे बंद असतात ते साखरेनं. पहिल्या दिवशी एक थेंबही बाहेर येत नाही. सगळे खूश. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिअरनं ती साखर विरघळवली की बुडाच्या खाचेतून काळे मणी फुटू लागतात. घाबरून बिअर उपसू नये. बहुतेक वेळा त्याच बिअरचं पाणी पिऊन फळ्या फुगतात आणि मणी सुकतात. थांबलं नाही तर लोखंडी पट्टे पोटाच्या दिशेनं ठोकून एक-दोन सूत पुढे न्यायचे. एकाच ठिकाणाहून धार असेल तर तिथे टोकदार लाकडी खुंटी किंवा मधमाश्यांचं मेण. आणि गळलेलं लगेच पुसायचं, कारण गोड बिअरवर चिलटं येतात आणि चिलटांच्या पायांवरून व्हिनेगरचे जिवाणू.

पहिले दोन-तीन आठवडे पिंप १८ ते २० अंशांत ठेवावं. उरलेली साखर यीस्टला आत्ताच खाऊ द्यायची. ११ टक्क्यांच्या बिअरमधलं यीस्ट दमलेलं असतं. थंडीत ठेवलं तर ते झोपतं, आणि साखर बाटलीसाठी शिल्लक राहते. आठवड्याच्या अंतरानं दोनदा ग्रॅव्हिटी सारखीच आली, की मग १० ते १३ अंश. नमुना काढायला दर वेळी बूच उघडायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीच्या विनी सिलुर्झोची युक्ती जगभर चालते: पिंपाच्या उभ्या बुडात पावणेतीन मिलिमीटरचं भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा बसवायचा. खिळा पक्कडीनं ओढला की बारीक पिचकारी पेल्यात, परत दाबला की बंद. याला ‘विनी नेल’च म्हणतात. साधा लोखंडी खिळा मारू नये. लोखंड आणि ओकमधलं टॅनिन मिळून शाई होते, अगदी शब्दशः.

दुसऱ्या आठवड्यातला नमुना फसवा असतो. अडकलेला पाक भराभर विरघळतो, त्यामुळे पेल्यात मेपल ठणठणीत लागतो आणि वाटतं, झालं काम, काढून घ्यावी. पण साखर अजून जायची असते, आणि साखर जाताना सुटणारा वायू थोडा वासही घेऊन जातो. महिन्यानं तोच नमुना निराश करतो: मेपल कुठे गेला? तिसऱ्या महिन्यापासून लाकूड बोलायला लागतं, व्हॅनिला, नारळ, थोडी लवंग, आणि त्यांच्या आधारानं मेपलचा उरलेला वास पुन्हा वर येतो. नुसत्या बर्बनच्या पिंपाला आठ ते बारा महिने देतात. इथे पाच-सहा पुरतात. आणखी ठेवलं तर वाढतो तो प्राणवायूचा वाटा, सोया सॉससारखा.

या वासाची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. मेपल म्हणून जो वास नाकाला कळतो, त्याच्याशी जोडलेल्या रेणूचं नाव सोटोलॉन. हाच रेणू मेथीच्या दाण्यांत भरपूर असतो. बाळंतिणीनं मेथीचे लाडू खाल्ले की घामालाही येतो तो गोडसर वास हाच. अमेरिकेत मिळणाऱ्या नकली मेपल सिरपमध्ये अनेकदा मेथीचा अर्क असतो. २००५ पासून न्यूयॉर्ककर अधूनमधून तक्रार करत होते की शहरभर मेपल सिरपचा वास सुटलाय. २००९ मध्ये पत्ता लागला, तर नदीपलीकडे न्यू जर्सीत एका सुगंधी अर्कांच्या कारखान्यात मेथीचे दाणे प्रक्रियेला येत होते. शेरी आणि फ्रान्समधल्या जुरा भागातल्या पिवळ्या वाइनमध्येही सोटोलॉन वर्षानुवर्षं हवेच्या संपर्कात तयार होतं. तेव्हा जुन्या स्टाउटमध्ये मेपल लागला तर तो पाकाचा, की वयाचा, की कुणी हळूच टाकलेल्या मेथीचा, हे जिभेवरून सांगणं कठीण.

बाजारातल्या मेपल स्टाउटपैकी अनेकांत सरळ पाक ओतलेला असतो. त्यात लबाडी काही नाही, लेबलवर लिहिलं की झालं. पिंपातून पडणारा मेपल मुळात पुसट, आणि पॅनकेकवर ओततात तसा वास हवा असेल तर पाक घालण्याला पर्याय नाही. घालायचा तर बिअर पिंपातून काढल्यावर, शून्य-एक अंशाला थंड करून, लिटरमागे १५-२० मिलिलिटर, आणि गडद प्रतीचा. सोनेरी पाकाचा नाजूक वास स्टाउटमध्ये बुडून जातो. त्यानंतर एकतर पाश्चरायझेशन, नाहीतर केग (बिअरचं धातूचं पिंप) कायम थंड. पोटॅशियम सॉर्बेट यीस्टची वाढ रोखतं, जागं असलेलं यीस्ट मारत नाही, हे विसरून लोक त्यावर विसंबतात. जिवाणूंच्या बाबतीत तर मोठ्यांचीही फसगत झाली आहे: शिकागोच्या गूस आयलंड ब्रुअरीच्या २०१५ सालच्या ‘बर्बन काउंटी’ नावाच्या काही बिअर आंबट निघाल्या, लॅक्टोबॅसिलसची दारू सोसणारी एक जात सापडली, आणि कंपनी पुढच्या वर्षीपासून पाश्चराइझ करू लागली. तेही बर्बनच्या पिंपांत. पाकाच्या पिंपात तर त्या जिवाणूंना शिदोरीही मिळते.

घरी २० लिटर बिअर करणाऱ्यानं छोटं पिंप घेऊ नये. आकार दहावा झाला की लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग दुपटीहून जास्त होतो; पाच-सहा आठवड्यांत बिअर फळकुटासारखी लागते आणि मेपलला वेळच मिळत नाही. त्यापेक्षा ओकचे चौकोनी तुकडे, मध्यम भाजलेले, ३० ते ४० ग्रॅम. दोन आठवडे बर्बनमध्ये. मग निथळून, कोमट पाकात बुडवून महिनाभर. मग पाक गाळून (तो पाक डोशाबरोबर खावा, वाया घालवू नये) तुकडे बिअरमध्ये. मेथी वापरायची तर कोरडी, मंद भाजून, २० लिटरला चहाचा एकच चमचा, पुरचुंडीत बांधून, आणि रोज चव घेत. हात सैल सुटला की स्टाउटला कढीच्या फोडणीचा वास येतो आणि तो जात नाही.

बिअर काढली की पिंपातला मेपल संपला. दुसऱ्या खेपेला त्यात साधं ओकच मिळतं, तेही थकलेलं. पण काही मेपलवाले हीच पिंपं परत मागून घेतात: भाजक्या मॉल्टचा, कॉफीचा वास धरलेला पाक त्यांना हवा असतो. या वेळी पाक ६८ ब्रिक्सच्या जवळ, नेहमीपेक्षा घट्ट करून भरावा लागतो. लाकूड आता बिअरच्या पाण्यानं तुडुंब आहे, आणि ते पाणी पाकात उतरून आठवडाभरात त्याला ६६च्या खाली आणू शकतं.